विसार देण्यापूर्वी कंपनीचा उतारा पाहावा

शिरोळ तालुक्यात जमिनीचा व्यवहार ठरू लागला म्हणजे घेणारा प्रथम सातबारा मागतो. देणारा ओळखीचा असो, सोयरा असो किंवा शेजारच्या शिवारातील असो. भोगवटादार म्हणून नाव कोणाचे, इतर हक्कांत सोसायटीचा अगर बँकेचा बोजा आहे काय, शेवटचा फेरफार मंजूर झाला काय, या गोष्टी पाहिल्याखेरीज विसाराची रक्कम दिली जात नाही. यात कोणी कोणाचा अपमान मानीत नाही. कागद पाहणे ही व्यवहाराची रीतच आहे.

तोच शेतकरी किंवा त्याचा गट परदेशी बनावटीचे यंत्र मागविण्यास निघाला म्हणजे मात्र ही रीत पुष्कळदा मागे पडते. मोबाइलवर यंत्राची छायाचित्रे येतात, कारखान्याची चित्रफीत येते, भाव देशी यंत्रापेक्षा कमी दिसतो आणि रक्कम पाठविण्याची घाई केली जाते. विकणारी कंपनी खरोखर अस्तित्वात आहे काय, तिची नोंद कोठे आहे व ती आजही चालू आहे काय, हे पाहण्याचे साधन आपल्या हाती नाही असा बहुतेकांचा समज असतो. हा समज बरोबर नाही. चीनमधील प्रत्येक नोंदलेल्या कंपनीचा एक प्रकारचा उतारा असतो. तो शोधून देणारी संगणकीय साधनेही आहेत. ती कशी वापरावीत व त्यांवर किती विसंबावे, हे शेतकरी बंधूंना व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना माहीत असणे अगत्याचे झाले आहे.

तालुक्यास या माहितीची गरज का

कृष्णा, पंचगंगा, वारणा व दूधगंगा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला शिरोळ तालुका प्रामुख्याने उसाचा. परंतु उसाबरोबर येथे भाजीपालाही मोठ्या प्रमाणावर होतो, आणि कोंडिग्रे येथील माळावर उभ्या राहिलेल्या हरितगृहांनी फुलशेतीची वाट अनेकांस दाखविली आहे. अशा शेतीस फवारणीची यंत्रे, पंप, ठिबकाचे सुटे भाग, हरितगृहातील तापमान व आर्द्रता मोजणारी उपकरणे, प्रतवारीची व वेष्टनाची यंत्रे लागतात. यांपैकी बऱ्याच वस्तू किंवा त्यांचे भाग चीनमधून येतात. काही वस्तू देशी आयातदारामार्फत दुकानात येतात, तर काही गट त्या थेट मागविण्याचा विचार करतात.

दुसरी गोष्ट पैशाची. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांनी या तालुक्यातील नदीकाठची पिके बुडविली. अशा भागात सभासदांनी भागभांडवल म्हणून दिलेली रक्कम ही पुरातून वाचवून, घरखर्चातून बाजूस काढून दिलेली असते. ती परक्या मुलखात एकदा गेली, की परत आणणे फार कठीण. फिर्याद कोठे द्यावी, कोणत्या भाषेत द्यावी, येथूनच अडचण सुरू होते. म्हणून जी काही सावधगिरी घ्यावयाची, ती रक्कम पाठविण्यापूर्वीच घेतली पाहिजे.

चिनी कंपन्यांचे दफ्तर

चीनमध्ये कंपन्यांची नोंदणी तेथील बाजार नियमन प्रशासनाच्या स्थानिक कार्यालयांत होते. २०१४ सालापासून या नोंदी जनतेस पाहण्यासाठी खुल्या करण्यात आल्या. त्यासाठी देशभराची एक सरकारी प्रणाली आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘राष्ट्रीय उद्योग पत-माहिती प्रकाशन प्रणाली’ असा करता येईल. प्रत्येक कंपनीने दरवर्षी १ जानेवारी ते ३० जून या मुदतीत मागील वर्षाचा अहवाल या प्रणालीवर दाखल करावा, असा नियम आहे. जी कंपनी हा अहवाल देत नाही, किंवा नोंदलेल्या पत्त्यावर जिचा शोध लागत नाही, तिचे नाव ‘असाधारण कारभाराच्या’ यादीत घातले जाते व ते सर्वांना दिसते.

कंपनीच्या नोंदीत सर्वसाधारणपणे पुढील बाबी आढळतात: कंपनीचे चिनी भाषेतील अधिकृत नाव, ओळख क्रमांक, कायदेशीर प्रतिनिधीचे नाव, नोंदलेले भांडवल, स्थापनेची तारीख, पत्ता, व्यवसायाची व्याप्ती, भागधारक, वेळोवेळी झालेले बदल आणि सद्यःस्थिती. सातबाऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर भागधारक म्हणजे भोगवटादार, बदलांची नोंद म्हणजे फेरफार, आणि भागांवरील तारण किंवा शासकीय दंड म्हणजे इतर हक्कांतील बोजा. साम्य तंतोतंत नाही, परंतु वाचण्याची दृष्टी तीच ठेवावी.

अठरा अक्षरांचा क्रमांक

१ ऑक्टोबर २०१५ पासून चीनमध्ये प्रत्येक संस्थेस अठरा स्थानांचा एकच ओळख क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. जमिनीस गट क्रमांक असतो तसा हा कंपनीचा क्रमांक होय. त्याची रचना समजून घेतल्यास पुष्कळ गोष्टी प्रथमदर्शनीच कळून येतात.

पहिले स्थान नोंदणी करणाऱ्या खात्याचे. बाजार नियमन प्रशासनाकडे नोंदलेल्या संस्थेचा क्रमांक ९ ने सुरू होतो. दुसरे स्थान संस्थेचा प्रकार दाखविते. ९१ म्हणजे कंपनी अगर उद्योग, ९२ म्हणजे एका व्यक्तीचा किंवा कुटुंबाचा धंदा, आणि ९३ म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी संस्था. चीनमध्येही शेतकरी सहकारी संस्थांसाठी २००७ पासून स्वतंत्र कायदा आहे, ही गोष्ट सहकाराच्या जोरावर उभ्या राहिलेल्या शिरोळच्या वाचकांस जवळची वाटेल.

तिसऱ्या ते आठव्या स्थानापर्यंतचे सहा अंक प्रदेशाचे. त्यांतील पहिले दोन प्रांत सांगतात. उदाहरणार्थ, ३२ म्हणजे च्यांगसू, ३३ म्हणजे झेजियांग, ३७ म्हणजे शानतुंग व ४४ म्हणजे क्वांगतुंग. पुढील नऊ स्थाने त्या संस्थेची स्वतःची असतात. अठरावे व शेवटचे स्थान पडताळणीचे असून ते आधीच्या सतरा स्थानांवरून गणिताने काढलेले असते. त्यामुळे क्रमांक उतरवून घेताना एखादे अक्षर चुकले, तर ते साधनाच्या ध्यानात येते.

या क्रमांकात अंकांबरोबर रोमन लिपीतील मोठी अक्षरेही असतात. परंतु आय, ओ, एस, व्ही व झेड ही पाच अक्षरे मुद्दाम वगळलेली आहेत. कोणी पाठविलेल्या क्रमांकात यांपैकी अक्षर दिसले, तर शून्य व ओ किंवा एक व आय यांची गल्लत झाली असावी, नाहीतर क्रमांकच बनावट असावा. एवढी परीक्षा तर कोणत्याही साधनाशिवाय, कागदावर पाहून करता येते.

शोध घेणारी साधने

सरकारी प्रणाली हे मूळ दफ्तर. परंतु ती पूर्णपणे चिनी भाषेत आहे व बाहेरच्या देशांतून ती नेहमी उघडतेच असे नाही. त्या दफ्तरातील व इतर सार्वजनिक नोंदी एकत्र करून दाखविणारी खासगी साधनेही चीनमध्ये निघाली. २०१४ साली सुरू झालेली ‘थ्येनयेनछा’ व ‘छीछाछा’ ही त्यांतील प्रसिद्ध नावे. या साधनांत कंपनीचे चिनी नाव किंवा अठरा स्थानांचा क्रमांक लिहिला, की कंपनीची नोंद समोर येते. नोंदणीच्या माहितीखेरीज न्यायालयातील दावे, शासकीय दंड व त्याच मालकांच्या इतर कंपन्या यांचीही माहिती त्यांत जोडलेली असते.

अशी साधने वापरताना तीन गोष्टी ध्यानी धराव्यात. पहिली, इंग्रजी नावावरून केलेला शोध भरवशाचा नसतो. चिनी नोंदणीत कायदेशीर नाव चिनी लिपीतीलच असते. इंग्रजी नाव विक्रेता आपल्या सोयीने घेतो, आणि एकच इंग्रजी नाव अनेकांचे असू शकते. दुसरी, मोबाइलवरील भाषांतराची सोय कामापुरती उपयोगी पडते, परंतु नावांचे भाषांतर ती वेडेवाकडे करते. म्हणून नाव भाषांतरावरून न जुळविता मूळ चिनी अक्षरे एकास एक लावून पाहावीत आणि क्रमांक जुळवावा. तिसरी, खासगी साधनातील नोंद ही नक्कल होय. मूळ दफ्तरात बदल झाल्यावर नकलेत तो येण्यास वेळ लागू शकतो. मोठ्या रकमेचा व्यवहार असल्यास अलीकडच्या तारखेची नोंद मिळवावी.

हाँगकाँगची कंपनी-नोंदणी निराळी आहे. तेथील कंपनी वरील दफ्तरात सापडणार नाही. विक्रेत्याचा कारखाना चीनमध्ये व बँकेचे खाते हाँगकाँगमधील कंपनीच्या नावे असेल, तर दोन्ही कंपन्यांचे कागद व त्यांचा परस्परसंबंध दाखविणारा लेखी पुरावा मागावा.

एक उदाहरण

समजा, कृष्णाकाठच्या एका गावी १२० सभासदांच्या शेतकरी उत्पादक कंपनीस टोमॅटो व ढोबळी मिरचीच्या प्रतवारीचे यंत्र घ्यावयाचे आहे. विक्रेत्याने किंमत ८ लाख रुपये सांगितली. परदेशी व्यापारात प्रचलित असलेल्या रीतीप्रमाणे ३० टक्के रक्कम आगाऊ व उरलेली ७० टक्के माल जहाजावर चढल्याचे कागद पाहून द्यावयाची. म्हणजे आगाऊ रक्कम २ लाख ४० हजार, प्रत्येक सभासदामागे २ हजार रुपये. पत्रकात लिहिले आहे की, कंपनी वीस वर्षे जुनी असून तिचा स्वतःचा कारखाना आहे.

संचालकांनी रक्कम न पाठविता प्रथम व्यवसाय परवान्याची प्रत मागितली. चीनमधील प्रत्येक कंपनीस असा परवाना असतो व त्यावर चिनी नाव, अठरा स्थानांचा क्रमांक, कायदेशीर प्रतिनिधी, स्थापनेची तारीख व व्यवसायाची व्याप्ती छापलेली असते. परवान्याची प्रत आली. क्रमांक ९१ ने सुरू होत होता. साधनात तो लिहिल्यावर नोंद सापडली व चिनी नाव जुळले. येथवर ठीक झाले.

पुढे वाचता चार गोष्टी दिसल्या. स्थापनेची तारीख तीनच वर्षांपूर्वीची होती. व्यवसायाच्या व्याप्तीत विक्री व आयात-निर्यात एवढेच होते, निर्मितीचा उल्लेख नव्हता. नोंदलेल्या पत्त्यावर संपर्क न झाल्यामुळे कंपनीचे नाव असाधारण कारभाराच्या यादीत होते. आणि रक्कम पाठविण्यासाठी दिलेले बँक खाते कंपनीच्या नावे नसून एका व्यक्तीच्या नावे होते.

या चार गोष्टींचे वजन सारखे नाही, हे नीट समजून घ्यावे. कंपनी नवी असणे हा दोष नव्हे. व्यापारी असणे हाही दोष नव्हे, कारण जयसिंगपूरचा दुकानदारही स्वतः यंत्र बनवीत नाही. दोष आहे तो वीस वर्षे व कारखाना असे खोटे सांगण्यात. त्याबद्दल खुलासा मागावा. परंतु नोंदलेल्या पत्त्यावर कंपनी न सापडणे ही धोक्याची खूण होय, आणि कंपनीच्या व्यवहाराची रक्कम व्यक्तीच्या खात्यात मागणे ही तर व्यवहार तेथेच थांबविण्याची खूण होय. आपल्याकडे जमीन एकाच्या नावे व विसार दुसऱ्याच्या हाती असे कोणी मान्य करील काय?

नोंदलेल्या भांडवलाचा आकडा पाहून मात्र भुलू नये. चीनमध्ये मार्च २०१४ पासून भांडवल प्रत्यक्ष भरण्याऐवजी पुढे भरण्याचे वचन देऊन कंपनी काढता येऊ लागली. त्यामुळे मोठमोठे आकडे केवळ कागदावर राहिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या सुधारित कंपनी कायद्याने मर्यादित कंपनीच्या भागधारकांस ही रक्कम पाच वर्षांत भरण्याचे बंधन घातले आहे. तरीही भांडवलाचा आकडा म्हणजे तिजोरीतील पैसा नव्हे.

उतारा काय सांगत नाही

सातबारा स्वच्छ असला तरी जमीन चोपण आहे की निचऱ्याची, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी शिवारात जाऊन माती पाहावी लागते. खारवट जमिनीचा अनुभव असलेल्या शिरोळच्या शेतकऱ्यास हे सांगणे नको. कंपनीच्या नोंदीचेही तसेच आहे. कंपनी अस्तित्वात आहे व चालू आहे एवढेच ती सांगते. यंत्र कसे चालेल, सुटे भाग मिळतील काय, बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करील, हे ती सांगत नाही.

तसेच, आपणाशी बोलणारा मनुष्य त्याच कंपनीचा आहे काय, हेही नोंदीवरून कळत नाही. चांगल्या कंपनीच्या परवान्याची प्रत दुसऱ्या कोणी पाठविणे अशक्य नाही. म्हणून परवान्यावरील नाव, करारावरील लाल गोल शिक्क्यातील चिनी नाव व बँक खात्याचे नाव ही तिन्ही एकच आहेत काय हे पाहावे. व्यवहार चालू असता मध्येच खाते बदलल्याचा संदेश आला, तर त्या संदेशास उत्तर न देता पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर बोलून खात्री करावी. पत्रव्यवहारात मध्येच शिरून खाते बदलून सांगणे हा फसवणुकीचा जुना मार्ग आहे.

रक्कम मोठी असल्यास बँकेच्या पतपत्रामार्फत व्यवहार करणे श्रेयस्कर. त्यात ठरलेली कागदपत्रे बँकेकडे आल्याखेरीज विक्रेत्यास पैसे मिळत नाहीत. माल जहाजावर चढण्यापूर्वी तिऱ्हाईत तपासणी संस्थेकडून तो पाहून घेण्याची तरतूदही करारात करता येते.

आपल्याकडील दफ्तरही पाहावे

बहुसंख्य शेतकरी चिनी बनावटीची वस्तू थेट न मागविता येथील विक्रेत्याकडून घेतात. त्यांच्यासाठी येथील दफ्तर अधिक महत्त्वाचे. आयात केलेल्या वेष्टित वस्तूवर आयातदाराचे नाव व पत्ता असणे बंधनकारक आहे. आयातदार कंपनी असल्यास तिचा २१ स्थानांचा नोंदणी क्रमांक असतो. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती पाहता येते. त्या क्रमांकात राज्याची दोन अक्षरे व स्थापनेचे वर्ष असते. वस्तू व सेवा कराचा १५ स्थानांचा क्रमांकही शासकीय संकेतस्थळावर पडताळता येतो. महाराष्ट्रातील नोंदणीचा आरंभ २७ ने होतो. पक्की पावती व त्यावरील हा क्रमांक घेतल्याखेरीज खरेदी करू नये.

औषधे व खते यांच्या बाबतीत परदेशी कंपनीचा उतारा स्वच्छ असून भागत नाही. कीटकनाशकास १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली भारतात नोंदणी असावी लागते, आणि खतास १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातील तरतुदी लागू असतात. फेब्रुवारी २०२१ पासून जैव उत्तेजकेही या आदेशाखाली आणण्यात आली आहेत. फवारणीचा तयार ड्रोन परदेशातून मागविण्याचा विचार कोणी करीत असल्यास, फेब्रुवारी २०२२ मध्ये अशा आयातीस बंदी घालण्यात आली व संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्याच कारणांसाठी अपवाद ठेवण्यात आला, हे ध्यानात ठेवावे. जी वस्तू आणण्यासच मनाई आहे, तिचा विक्रेता कितीही सचोटीचा असला तरी उपयोग नाही.

थेट आयात करणाऱ्या गटाने स्वतःच्या नावे आयात-निर्यात क्रमांक घेतला पाहिजे. दुसऱ्याच्या क्रमांकावर माल आणल्यास पुढे मालकीचा व कराचा घोळ होतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत पुढील क्रम समजावून द्यावा.

१. विक्रेत्याकडून व्यवसाय परवान्याची प्रत व चिनी नाव लेखी घ्यावे. जो हे देण्यास टाळाटाळ करतो, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे.

२. अठरा स्थाने मोजावीत, वर्ज्य अक्षरे नाहीत हे पाहावे व पहिल्या दोन अंकांवरून प्रकार ओळखावा.

३. साधनात क्रमांक लिहून नाव, सद्यःस्थिती, स्थापनेची तारीख व व्याप्ती पडताळावी. नोंद रद्द झालेली, परवाना काढून घेतलेला किंवा असाधारण यादीत नाव असलेली कंपनी वर्ज्य समजावी.

४. परवाना, शिक्का व बँक खाते यांवरील नाव एकच असल्याची खात्री करावी.

५. पाहिलेल्या नोंदीची छापील प्रत तारखेसह गटाच्या दफ्तरी ठेवावी व संचालकांच्या सभेच्या इतिवृत्तात तिचा उल्लेख करावा.

६. यानंतरच यंत्राचा दर्जा, दुरुस्तीची सोय व भाव यांचा विचार करावा.

गटातील शिकलेल्या तरुण मुलामुलींकडे हे काम सोपविल्यास ते लवकर होते. एका संध्याकाळच्या श्रमाने १२० घरांचा पैसा राखला जात असेल, तर ते श्रम कमी मोलाचे मानू नयेत. तथापि शोध एकाने घेतला तरी निर्णय सर्वांनी कागद डोळ्यांखाली घालूनच करावा. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारणारा शिरोळचा सभासद परदेशी कंपनीच्या कागदापुढे गप्प बसेल, असे मानण्याचे कारण नाही.

कागद पाहून व्यवहार केला म्हणजे प्रत्येक यंत्र चांगलेच निघेल असे नव्हे. परंतु जी कंपनी मुळात नाहीच, तिच्या खात्यात घामाचा पैसा जाणार नाही, एवढी खात्री मात्र देता येते. जमिनीच्या बाबतीत पाळलेली रीत यंत्राच्या बाबतीतही पाळावी. आधी उतारा, मग विसार.